मध्यान्हीचे ऊन आणि पाटीचा दगड

लेस्टर शहराच्या वायव्येस चार्नवुड नावाचा खडकाळ टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथील स्विथलंड, वुडहाउस ईव्ह्ज आणि ग्रूबी या गावांच्या परिसरात पूर्वी पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे दीर्घकाळ आसपासच्या खेड्यांतील माणसांच्या कबरींवर याच दगडाच्या शिळा उभारल्या जात. कालव्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या रेल्वेने वेल्समधील पातळ व स्वस्त पाटी मध्य इंग्लंडात पोहोचवली, तेव्हा येथील धंदा मागे पडला आणि १८८७ मध्ये स्विथलंडच्या खाणी बंद झाल्या. पुढे १९२५ मध्ये लेस्टरच्या रोटरी क्लबने तेथील वन विकत घेऊन लोकांसाठी राखले. वनातल्या जुन्या खाणीत आता पाणी साठले आहे. तिच्यातून निघालेल्या शिळा मात्र गावोगावच्या चर्चच्या आवारांत उभ्या आहेत आणि त्यांच्यावरील अक्षरे अडीचशे-तीनशे वर्षांनंतरही वाचता येतात. लेस्टरला स्थायिक झाल्यापासून मी या शिळांची कृष्णधवल छायाचित्रे घेत आले आहे. त्या कामाची पद्धत मला हळूहळू जशी उमगत गेली, तशी ती येथे लिहीत आहे.

कृष्णधवलच का, हे आधी सांगायला हवे, कारण जुन्या वस्तूला जुनाट रूप द्यायचे म्हणून रंग काढून टाकले जातात असा अनेकांचा समज असतो. या शिळांचे कारण निराळे आहे. त्यांच्यावरचा मजकूर आज केवळ खोलीच्या बळावर उभा आहे. कारागिराने शिळेचे तोंड घासून गुळगुळीत केले आणि छिन्नीने दोन उतारांची चर पाडून अक्षर कोरले. चरीच्या एका उतारावर ऊन पडते, दुसऱ्यावर सावली राहते, आणि या दोहोंच्या फरकातून डोळ्याला अक्षर दिसते. रंगीत छायाचित्रात गवताचा हिरवा, आकाशाचा निळा आणि दगडफुलाचा पिवळा रंग या सूक्ष्म फरकावर मात करतो आणि पाहणाऱ्याची नजर मजकुरावर ठरत नाही. कृष्णधवल फिल्म सगळ्याच गोष्टी उजेडाच्या एकाच मापाने मोजते, आणि कारागिरानेही तेच माप वापरले होते. पाटी मुळातच निळसर, जांभळट किंवा हिरवट झाक असलेली राखाडी असल्यामुळे रंग वगळल्याने तिचे फारसे नुकसान होत नाही.

त्यामुळे या कामातील खरा प्रश्न उजेड कोणत्या बाजूने येतो हा आहे. सातारा जिल्ह्यात, माझ्या माहेरच्या गावाजवळ, वीरगळांची छायाचित्रे घेताना मी हे प्रथम अनुभवले होते. देवळामागे उभा असलेला, भर उन्हात सपाट वाटणारा वीरगळ, ऊन बाजूने येऊ लागले की घोड्याच्या लगामासकट स्पष्ट होतो. लेस्टरशायरमध्ये हाच नियम अधिक काटेकोरपणे लागू होतो, कारण वीरगळावरची शिल्पे बरीच उठावदार असतात आणि येथील अक्षरांची खोली पुष्कळदा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. उजेड शिळेच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून, दहा ते पंधरा अंशांच्या कोनातून गेला तरच एवढ्या उथळ चरीची सावली फिल्मवर उमटते.

असा उजेड केव्हा मिळेल, हे आवारातील दिशांवरून ठरते. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे मृताचे डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवून दफन होत असे, चर्चची इमारतही साधारणपणे पूर्व-पश्चिम असते, आणि त्यामुळे बहुतेक शिळांचे तोंड पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे असते. छायाचित्रणाच्या पुस्तकांत सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाचे कौतुक असते, पण पूर्वाभिमुख शिळेवर सकाळचे ऊन थेट समोरून पडते आणि अक्षरे पुसल्यासारखी होतात. तिला हवे असते मध्यान्हीच्या थोडे आधीचे ऊन. सूर्य दक्षिणेच्या जवळ पोहोचला की किरण शिळेच्या तोंडाला जवळजवळ समांतर होतात आणि डाव्या काठावरून उजव्या काठाकडे सरकत जातात. सूर्य दक्षिण ओलांडून गेला की पश्चिमाभिमुख शिळांची पाळी येते. म्हणून मी आधी पूर्वाभिमुख शिळा घेते आणि मध्यान्ह टळल्यावर कॅमेरा उचलून आवाराच्या त्याच ओळीत मागच्या अंगाला जाते. लेस्टरमध्ये सूर्य दक्षिणेला येतो तेव्हा उन्हाळी, म्हणजे एक तास पुढे केलेल्या, घड्याळात एक वाजून गेलेला असतो आणि हिवाळी घड्याळात बाराच्या आसपासची वेळ असते. चर्च नेमके पूर्वेला वळलेले नसते आणि शिळाही काळाच्या ओघात फिरलेल्या असतात, म्हणून होकायंत्र जवळ ठेवावेच लागते.

ऋतूचाही यात मोठा वाटा आहे. २१ डिसेंबरला येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे १४ अंश वर असतो आणि २१ जूनला सुमारे ६१ अंश. हिवाळ्यात मध्यान्हीच्या सुमारास सूर्याची दिशा तासाला साधारण १४ अंशांनी बदलते, तर जूनमध्ये त्याच्या दुप्पट वेगाने. म्हणजे हिवाळ्यात एका शिळेसाठी योग्य उजेड जवळपास तासभर टिकतो आणि उन्हाळ्यात अर्धाच तास. मात्र उन्हाळ्यातील उंच सूर्य वरून खाली येणारा तिरपा उजेड देतो, आणि शिळेच्या माथ्यावरील उठावाच्या नक्षीला तो अधिक मानवतो. हिवाळ्यातील आडवा उजेड अक्षरांच्या उभ्या रेषा ठळक करतो, पण आडव्या रेषा त्याच्या दिशेतच असल्यामुळे फिक्या राहतात. म्हणून मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या शिळांकडे मी दोन्ही ऋतूंत जाते. माझी स्वतःची पसंती फेब्रुवारीला आहे. गवत तोवर खुरटलेले असते, झाडांना पाने नसतात, आणि ऊन पडले तर ते स्वच्छ असते.

असा उजेड मिळाल्यावर जे दिसते, त्यासाठीच मी हे काम करते. साध्या उजेडात कधीच न दिसणाऱ्या, ओळ सरळ यावी म्हणून कारागिराने टोकदार हत्याराने ओढलेल्या बारीक रेषा अक्षरांच्या वर-खाली प्रकट होतात. गाळलेले अक्षर दोन अक्षरांच्या वर लहान आकारात बसवून खाली काकपदाची खूण केलेली दिसते. दगडातून चूक खोडता येत नाही, म्हणून ती मान्य करून पुढे गेलेला हात तेथे प्रत्यक्ष दिसतो, आणि अशा शिळांविषयी मला विशेष आदर वाटतो. इंग्लंडात १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत झालेल्या मृत्यूचे साल १७२३/४ असे जोडून लिहिलेले आढळते. त्यातला शेवटचा आकडा पुष्कळदा इतका लहान आणि उथळ असतो की उजेडाचा कोन थोडा जरी चुकला तरी साल चुकीचे वाचले जावे. शिळेच्या अगदी तळाशी काही वेळा कारागिराचे नाव असते. स्विथलंडच्या हाइंड घराण्याने पिढ्यानपिढ्या हा व्यवसाय केला. अशी सही वाचण्यासाठी गवत हाताने बाजूला सारून जमिनीलगत बसावे लागते.

सर्वांत सुंदर शिळा मला लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर यांच्या सीमेवरील व्हेल ऑफ बीव्हर या खोऱ्यात आढळल्या. सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्या शतकाचा मध्य या काळात तेथील कारागिरांनी शिळेच्या माथ्यावर एक ठरावीक देवदूत कोरला. समोर पाहणारा गोल चेहरा, गळ्याशी चुणीदार पट्टी, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, आणि पुष्कळदा वाळूचे घड्याळ व हाडांची जोडी अशी त्याची घडण असते. हिकलिंग, नेदर ब्रॉटन आणि लाँग क्लॉसन या गावांत हे देवदूत पाहायला मिळतात. यांपैकी जुन्या शिळांवर अक्षरे खोदलेली नसून भोवतालचा दगड काढून उठावात ठेवलेली असतात, आणि एकाच ओळीत मोठी व तिरकी अक्षरे मोकळेपणाने मिसळलेली असतात. उठावाच्या अक्षरावर तिरपा उजेड पडला की सावली अक्षराच्या बाहेर पडते, खोदीव अक्षरात ती आत पडते. हा फरक लक्षात न घेता एकाच पद्धतीने दोन्ही टिपले, तर उठावाची अक्षरे छायाचित्रात जाड आणि धूसर येतात. त्यांच्यासाठी मी उजेडाचा कोन थोडा वाढेपर्यंत थांबते.

कॅमेरा मी जुना यशिका मॅट वापरते. त्यात १२० आकाराच्या रोलवर सहा सेंटिमीटरच्या चौकोनी बारा प्रतिमा येतात, आणि वरून खाली पाहायची त्याची काच या कामाला अतिशय सोयीची आहे, कारण शिळेचा मध्य बहुधा कमरेच्या उंचीवर असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून त्याचे भिंग शिळेच्या मध्याशी आणतात आणि मग तो शिळेच्या पृष्ठभागाला समांतर करतात. जवळपास प्रत्येक जुनी शिळा पुढे, मागे किंवा बाजूला झुकलेली असते. फक्त मजकूर टिपायचा असेल तर मी कॅमेराही तेवढाच झुकवते. पण शिळा आणि तिच्या मागचे चर्च दोन्ही दाखवायचे असतील तर क्षितिज सरळ ठेवून शिळेला तिच्या कलासकट येऊ देते. त्या कलातच आवाराची माती, मुळे आणि काळ दिसतो, आणि तो सरळ करणे मला अयोग्य वाटते. ग्रामीण आवाराचे स्वरूप एकट्या शिळेतून कळत नाही, म्हणून शिळांच्या ओळी, लाकडी छताचे प्रवेशद्वार, भिंतीपाशी वाढलेला यू नावाचा सदाहरित वृक्ष आणि शिळांच्या खडबडीत पाठी यांचीही छायाचित्रे मी घेते. वेल्सच्या पाटीचे पातळ, सपाट पापुद्रे निघतात. स्विथलंडची पाटी तशी सुटत नाही, म्हणून या शिळा जाड असतात आणि त्यांची पाठ न घडवता तशीच ठेवलेली असते. मागून पाहिले तर खाणीतल्या खडकाचेच दर्शन होते. हा खडक पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. समुद्रतळाच्या चिखलात प्राण्यांनी केलेल्या बिळांच्या खुणा भूशास्त्रज्ञांना याच पाटीच्या स्मृतिशिळांवर सापडल्या आणि त्या खुणांनी या थराचे वय कँब्रियन या प्राचीन भूशास्त्रीय काळात ठरवायला मदत केली.

फिल्टरची निवड हा या कामातील दुसरा मोठा निर्णय. शिळांवर वाढणारे दगडफूल पांढरे, राखाडी, पिवळे किंवा नारिंगी असते. नारिंगी फिल्टर लावला की पिवळे-नारिंगी दगडफूल उजळते आणि निळसर पाटी गडद होते. दगडफुलाने शिळेवर काढलेली नक्षी दाखवायची असेल तर हे उत्तम. पण दगडफुलाखालून मजकूर वाचायचा असेल तर हेच ठिपके अक्षरांना झाकतात, आणि तेव्हा हिरवा फिल्टर लावून दोहोंतला फरक कमी करावा लागतो. बीव्हरच्या खोऱ्यातील कित्येक चर्च लोहयुक्त तपकिरी-नारिंगी दगडाने बांधलेली आहेत. फिल्टरविना घेतलेल्या चित्रात ती भिंत आणि पुढची पाटी जवळजवळ एकाच राखाडी छटेत उमटतात; नारिंगी फिल्टरने भिंत उजळून शिळा तिच्यापासून सुटी होते आणि आकाशातील ढगही आकार घेतात. या फिल्टरमुळे साधारण दोन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) उजेड कमी होतो, म्हणून १२५ संवेदनशीलतेची इलफर्ड एफपी-४ प्लस फिल्म वापरताना ट्रायपॉडशिवाय काम होत नाही. उजेड मोजतानाही विचार करावा लागतो. मापक समोरच्या कोणत्याही वस्तूला मध्यम राखाडी मानतो, आणि पाटी त्याहून गडद असते, म्हणून तिच्यावरून घेतलेल्या मापापेक्षा मी एक स्टॉप कमी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, देते.

सगळ्या शिळांना ऊन मिळत नाही. चर्चच्या उत्तरेकडील भाग हिवाळाभर सावलीत असतो, आणि गवत कापणे सोपे जावे म्हणून गेल्या शतकात अनेक ठिकाणी शिळा उपटून कुंपणाच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या गेल्या आहेत. अशा शिळांसाठी आरसा लागतो. आरसा पाच-सहा मीटर दूर उन्हात धरून त्याचा कवडसा शिळेवर बाजूने सोडला की मध्यान्हीच्या उन्हासारखाच तिरपा उजेड मिळतो. आरसा धरण्याचे काम माझे पती करतात. “जरा खाली घेऊ का?” असे ते विचारतात आणि मी काचेत पाहून “अजून थोडे डावीकडे घ्या” असे सांगते. दोन बोटांएवढ्या हालचालीने शिळेवरचे एक पूर्ण वाक्य उगवते किंवा मावळते.

ढगाळ दिवशी वेगळी अडचण येते. गुळगुळीत पाटी छायाचित्रकाराच्या मागचे आकाश परावर्तित करते आणि तिच्यावर पांढरट पडदा येतो. त्यावर माझा उपाय असा, की ज्या शिळांसमोर यू वृक्षाची दाट काळी सावली आहे त्या शिळा मी ढगाळ दिवसासाठी राखून ठेवते. झाड पाठीशी घेऊन उभे राहिले की पाटीत परावर्तित व्हायला उजळ असे काही उरत नाही. पाऊस नुकताच थांबला असेल तर आणखी चांगले, कारण शिळेचे तोंड लवकर सुकते आणि चरींतला ओलावा मागे राहून अक्षरे आपोआप गडद दिसतात. झाडाखाली एक्स्पोजर लांबते, आणि एका सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते. मापकाने १० सेकंद दाखवले तर एफपी-४ प्लसला सुमारे १८ सेकंद द्यावे लागतात.

आवारात वागावे कसे, याबद्दल मी आग्रही आहे. गावातील लोक त्या आवारात आजही आपल्या माणसांना भेटायला येतात. मी आधी चर्चवॉर्डनला (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्याला) किंवा व्हिकरला, म्हणजे तेथील धर्मगुरूला, पत्र लिहून परवानगी घेते, अंत्यविधी असेल त्या दिवशी जात नाही, आणि अलीकडच्या कबरी चौकटीत येऊ देत नाही. शिळेला धरून उठत-बसत नाही. जुनी शिळा पायाशी सैल असू शकते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फासणे, फेस लावणे किंवा तारेच्या ब्रशने दगडफूल खरवडणे हे प्रकार मी इतरत्र पाहिले आहेत आणि ते सर्वथा टाळले पाहिजेत. दगडफूल वर्षाला एखादा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते; शिळेइतकेच तेही जुने असू शकते. शिवाय चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारातील शिळा हलवायची किंवा तिच्यात बदल करायचा तर धर्मप्रांताकडून रीतसर अनुमती मिळवावी लागते. उजेडाची वाट पाहिली तर यातल्या कशाचीच गरज पडत नाही.

फिल्म मी घरीच धुते. एका रोलवर एकाच प्रकारचा उजेड ठेवते, आणि बारा प्रतिमांचा रोल असल्याने ते जमते. आयडी-११ हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणारे रसायन, पाण्यात समप्रमाणात मिसळून २० अंश सेल्सियसला एफपी-४ प्लससाठी ११ मिनिटे हा नेहमीचा वेळ आहे. तिरप्या उन्हातल्या रोलला मी तो ९ मिनिटांपर्यंत कमी करते, म्हणजे उजळ कडा जळत नाहीत, आणि ढगाळ दिवसाच्या रोलला थोडा वाढवते. कागदावर छापताना कस लागतो. मल्टिग्रेड कागदावर, म्हणजे फिल्टर बदलून काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येतो अशा कागदावर, आधी फरक कमी ठेवणाऱ्या मऊ फिल्टरने शिळेच्या एकूण छटा बसवते आणि मग फरक वाढवणाऱ्या कठीण फिल्टरने थोडा वेळ उजेड देऊन अक्षरांच्या सावल्या काळ्या करते. कठीण फिल्टरचा भाग जास्त झाला तर मजकूर फळ्यावर लिहिल्यासारखा सहज वाचता येतो, पण दगड दगड राहत नाही. त्याचा कण, त्याचे थर आणि कारागिराच्या त्या बारीक रेषा नाहीशा होतात. वाचनीयता आणि दगडपण यांपैकी एकाची निवड करावी लागली तर मी दगडपण निवडते आणि मजकूर वहीत उतरवून ठेवते. छपाईनंतर सेलेनियमच्या द्रावणात कागद थोडा वेळ ठेवला की काळ्या छटा किंचित गहिऱ्या होतात आणि प्रतिमाही टिकाऊ होते.

स्विथलंडच्या सेंट लेनर्ड चर्चमधील सर जोसेफ डॅन्व्हर्स यांच्या थडग्याने मला या छपाईत बराच काळ गुंतवले. १७४५ मध्ये, म्हणजे मालकाच्या मृत्यूच्या आधीच, बांधलेले हे पाटीचे थडगे अर्धे आवाराच्या भिंतीच्या आत आणि अर्धे बाहेर आहे. लाडक्या कुत्र्याला जवळ पुरता यावे, पण पवित्र भूमीत नव्हे, म्हणून अशी रचना केली असे गावात सांगतात. आतली आणि बाहेरची बाजू एका चित्रात येऊच शकत नाही. शेवटी भिंत मध्ये ठेवून दोन्ही बाजूंची दोन चित्रे घेतली आणि एकाच राखाडी छटेत छापून ती शेजारी शेजारी लावली.

प्रत्येक छायाचित्राच्या मागे मी पेन्सिलीने गाव, चर्चच्या कोणत्या बाजूला शिळा आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला, दिवस, घड्याळातली वेळ आणि फिल्टर लिहिते. दुसऱ्या कोणाला त्याच शिळेकडे त्याच उजेडात जाता यावे, यासाठी ही नोंद छायाचित्राइतकीच आवश्यक आहे. प्रत्येक गावासाठी एक संच छापून तो त्या चर्चला देते. बीव्हरच्या खोऱ्यातील एका चर्चवॉर्डन बाईंनी असा संच पाहून उत्तरेकडील कुंपणाच्या भिंतीला टेकवलेल्या शिळांचीही नोंद करून देता येईल का, असे विचारले आहे. त्या शिळांची तोंडे दक्षिणेला आहेत आणि त्यांच्यावर झाडांची सावली पडते, म्हणून पाने फुटण्याआधी, सकाळी सूर्य आग्नेयेकडे असताना, मोठा आरसा घेऊन जावे लागेल. येत्या फेब्रुवारीसाठी आम्ही त्यांना तसे कळवले आहे.